पित्त नव्हे, पट्टा!

मंडळी, आपल्याकडे अंगावर गांधी उठल्या की निदान तयारच असतं: "पित्त उठलं!" मग वांगं बंद, चण्याची डाळ बंद आणि सकाळी उपाशीपोटी अ‍ॅसिडिटीची गोळी सुरू. आमच्या भंडाऱ्यात हेच, आणि पुण्यात गळ्यात आयडी कार्ड लटकवणाऱ्या शिकल्या-सवरल्या जनतेतही हेच. मला ह्याचा वैताग येतो.

अहो, पोटातल्या आम्लाचा इथे काय संबंध? त्वचेतल्या मास्ट पेशी हिस्टामिन सोडतात, म्हणून गांधी उठतात. काही लोकांत त्यासाठी नुसतं खाजवणं, बॅगेचा पट्टा किंवा घट्ट इलॅस्टिक पुरतं. ह्याला डर्मोग्राफिझम म्हणतात. शंभरात दोन ते पाच जणांची कातडी अशी असते. आणि कृपया आयुर्वेदाची ढाल पुढे करू नका. माधवनिदानात शीतपित्ताच्या कारणांत गार वाऱ्याचा स्पर्श सांगितलाय. बाहेरून काय लागलं, हे त्या काळीही बघत होते!

बरं, तपासणी जवळजवळ फुकट. डॉक्टर बोथट वस्तूने पाठीवर रेघ ओढतात. दहा मिनिटांत ती फुगून वर आली की कळलं. तरी लोक आधी हजारो रुपयांच्या अ‍ॅलर्जी टेस्ट करतात.

दुसरा प्रकार जास्त छळवादी. त्यात दाब पडल्यावर चार-सहा तासांनी सूज येते आणि कधी दोन-तीन दिवस राहते. आपल्या भाषेत, एरर इथे आणि बग सहा तास मागे! आता विचार करा, दिवसभर खांद्यावर धानाची पोती वाहणाऱ्या हमालाचा खांदा रात्री सुजला, तळपाय ठणकले. सकाळी तो कामावर गेला नाही, तर "कामचुकार" हा शिक्का ठरलेला. आपल्याला निदान खुर्ची बदलता येते, त्याची मजुरी बुडते.

"टेन्शन घेऊ नकोस" हा सल्लाही जुनाच. एकोणिसाव्या शतकात पॅरिसचे डॉक्टर अशा बायकांच्या पाठीवर अक्षरं कोरून त्यांना हिस्टेरिया ठरवायचे. आपण तेवढेच पुढे गेलोय का?

झोप न आणणाऱ्या अ‍ॅलर्जीच्या गोळ्यांनी डर्मोग्राफिझम बहुधा आटोक्यात राहतो. दाबाचा प्रकार गोळ्यांना तितकी दाद देत नाही, तिथे त्वचेचा डॉक्टर गाठा. मेडिकलवाल्याकडून स्टेरॉइड घेऊ नका. जीभ सुजली, श्वास अडला तर थेट हॉस्पिटल.

एरवी, "काय खाल्लंस?" विचारण्याआधी "काय घासलं, काय दाबलं?" एवढं तरी विचारा. वांग्याला किती दिवस शिक्षा देणार?