घर झाले ऑफिस, पण दुसरी सही कुठे आहे?

ग्वाल्हेरच्या थाटीपूर भागातील रामकृष्ण आश्रमाच्या सचिवांना मार्च २०२५ मध्ये एक फोन आला. बोलणाऱ्याने आपण नाशिक पोलिसांचे अधिकारी असल्याचे सांगितले. जेट एअरवेजच्या नरेश गोयल यांच्या मनी लाँडरिंग प्रकरणात तुमचे नाव आले आहे, असे म्हणून त्याने स्वामीजींना व्हिडिओ कॉलवर बसवले. हा प्रकार २६ दिवस चालला आणि त्यात २ कोटी ५२ लाख रुपये गेले. त्याच्या काही महिने आधी टेकनपूरच्या सीमा सुरक्षा दलातील एका निरीक्षकांना मुंबई पोलिसांच्या नावाने ३२ दिवस असेच अडकवून ठेवले होते. त्यांचे सुमारे ७१ लाख गेले.

एक संन्यासी आणि एक वर्दीतला अधिकारी. तेव्हा ‘लोभी माणूसच फसतो’ किंवा ‘अशिक्षितच फसतो’ हे म्हणणे आता सोडून द्यावे. फोन नाशिक-मुंबईच्या नावाने आला, हेही आपण लक्षात ठेवावे. ग्वाल्हेरच्या मराठी घरात महाराष्ट्रातून आलेला फोन परका वाटत नाही. समोरचा मराठीत ‘काका, नमस्कार’ म्हणाला की अर्धा विश्वास तिथेच बसतो.

मी आयुष्यभर बँकेत काम केले. बँकेत एक साधा नियम असतो: एकाने व्हाउचर करायचे, दुसऱ्याने ते तपासून पास करायचे. मॅनेजर कितीही मोठा असला तरी तिजोरी एकट्याने उघडत नाही, दोन किल्ल्या लागतात. यात कोणावर अविश्वास नसतो. घाबरलेला, थकलेला किंवा घाईतला माणूस चूक करतो, आणि ती दुसऱ्याच्या नजरेला दिसते, एवढाच त्याचा अर्थ.

कोविडनंतर ऑफिस घरात आले, शाळा घरात आली, बँकही फोनमध्ये आली. पण ही दुसरी सही काही घरात आली नाही. आता एक माणूस, एक फोन, एक ओटीपी, आणि जन्मभराची ठेव मोडता येते. पूर्वी मोठी रक्कम पाठवायची तर शाखेत जाऊन फॉर्म भरावा लागे आणि आरटीजीएसची वेळ संपली की काम दुसऱ्या दिवसावर जाई. ग्राहक आमच्यावर चिडत, पण त्या एका रात्रीत माणूस घरच्यांशी बोलत असे. डिसेंबर २०२० पासून आरटीजीएस चोवीस तास चालते. सोय उत्तम आहे, मात्र ती रात्र गेली.

ठगाची पहिली आज्ञा नेहमी एकच असते: ‘कोणाला सांगायचे नाही, दार लावून घ्या.’ म्हणजे दुसरी सही मिळूच द्यायची नाही. आणि आजच्या घरात हे सोपे झाले आहे. सून एका खोलीत मीटिंगमध्ये, नातू दुसऱ्या खोलीत कानाला हेडफोन लावून ऑनलाइन क्लासमध्ये. आजोबांचे दार चार तास बंद असले तर सर्वांना वाटते, पुण्याच्या मुलाशी बोलत असतील. ज्या घरांत मुले पुण्या-बंगळूरला आणि लष्करच्या जुन्या वाड्यात दोघेच, तिथे तर विचारणारेही कोणी नाही.

कायद्यात ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची गोष्टच नाही. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये हे सांगितले होते. चौकशीला हजर राहण्याची नोटीसही पोलिसांनी व्हॉट्सअॅपवर बजावू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये बजावले. तरी लोकसभेत दिलेल्या आकड्यांप्रमाणे देशात सायबर फसवणुकीत २०२३ मध्ये ७,४६५ कोटी आणि २०२४ मध्ये २२,८४५ कोटी रुपये गेले. एका वर्षात तिप्पट. माहिती नाही म्हणून हे होते असे मला वाटत नाही. माहिती असते, पण भीतीच्या क्षणी ती आठवून देणारा माणूस शेजारी नसतो.

तरुणांची बाजू वेगळी आहे. टेलिग्रामवर ‘घरबसल्या काम’, व्हिडिओ लाइक करा, पैसे मिळवा, हा प्रकार विद्यार्थ्यांत चालतो. त्याहून वाईट म्हणजे चार-पाच हजारांसाठी स्वतःचे खाते दुसऱ्याला वापरायला देणे. लुटीचा पैसा अशाच भाड्याच्या खात्यांतून फिरतो, आणि पोलीस प्रथम पोहोचतात ते खातेदाराकडे. मुलाला हे स्पष्ट शब्दांत सांगावे.

एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, ग्राहकाचा दोष नसताना तिसऱ्याच कोणी पैसे काढले आणि तीन कामाच्या दिवसांत बँकेला कळवले, तर नुकसान ग्राहकावर येत नाही. पण धाकाखाली का होईना, पैसे आपणच पाठवले असतील तर हे संरक्षण सहसा मिळत नाही. म्हणून १९३० या क्रमांकावर पहिल्या तासात फोन करणे महत्त्वाचे. पैसा खात्याखात्यांतून पुढे जात असतो, तो वाटेत जिथे असेल तिथे थोपवता येतो. लाजेने दोन दिवस गप्प बसले की थोपवायला काही उरत नाही.

ज्यांची मोठी ठेव आहे त्यांनी ती ‘दोघांपैकी कोणीही’ऐवजी ‘दोघांच्या सहीने’ अशी ठेवण्याचा विचार करावा. यात अडचण आहे: एक जण आजारी पडला तर पैसे काढायला त्रास होतो, आणि एकाच्या पश्चात कागदपत्रे वाढतात. त्यामुळे औषधपाण्याचे, घरखर्चाचे खाते वेगळे आणि मोकळे ठेवावे, फोनवरील बँकिंग फक्त त्यालाच जोडावे, त्याची मर्यादाही कमी करून घ्यावी. शाखेत अर्ज देऊन हे होते. आणि ठेव मोडताना काउंटरवरच्या मुलीने ‘काका, एवढे पैसे कोणाला पाठवताय?’ असे विचारले, तर रागावू नये, तिला खरे उत्तर द्यावे.