दाखला नव्हे, लस!

हल्ली आमच्या अवसरी बुद्रुकमध्ये परदेशी जाणं ही काही पेढे वाटण्याची गोष्ट राहिलेली नाही. पूर्वी मंचरहून पुण्याची एस.टी. पकडणाऱ्यालाही 'सांभाळून जा रे बाबा' म्हणायला चार माणसं जमायची. आता कुणाचा मुलगा जर्मनीत, कुणाची सून अमेरिकेत, कुणाचा भाचा दुबईत. पारावर कांद्या-बटाट्याच्या भावाबरोबर डॉलरचा भावही निघतो! जाणाऱ्याच्या घरी व्हिसाची चर्चा होते, तिकिटाची होते, बॅगेच्या वजनाची होते, लोणच्याची बरणी गळणार तर नाही ना याचीही होते. एका गोष्टीची मात्र होत नाही, ती म्हणजे लस. आणि झालीच तर 'ही आणखी एक कटकट' अशा सुरात होते. मला आज त्या कटकटीच्या बाजूने चार शब्द बोलायचे आहेत.

विषय निघायला कारण घरचंच आहे. आमची धाकटी लेक नैरोबीला असते. तिचे दिवस भरत आलेत, आणि आम्ही दोघांनी यावं असा तिचा आग्रह. केनियाला जायचं म्हटल्यावर पहिला प्रश्न येतो तो पीतज्वराच्या लसीचा. इंग्रजीत 'यलो फीवर'. गंमत अशी की भारतातून थेट जाणाऱ्याकडे केनिया हा दाखला मागत नाही. मागतो तो आपला भारत, आपण परत येताना! दाखला नसेल तर आपल्याच विमानतळावर आपल्याच माणसाला सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवता येतं.

"आपल्याच घरात शिरायला परवाना?" असं आमच्या एका नातेवाइकांनी तावातावाने विचारलं. प्रश्न योग्य आहे, म्हणून उत्तर नीट देते.

पीतज्वर हा विषाणूचा आजार. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेच्या उष्ण भागात तो आढळतो. बरेच जण ताप येऊन बरे होतात, पण काहींना कावीळ होते, रक्तस्राव होतो आणि त्यातले पुष्कळ दगावतात. त्यावर नेमकं औषध नाही. भारतात हा आजार नाही. पण तो पसरवणारा डास आहे ना! एडिस. तोच तो, डेंग्यू आणि चिकनगुनियावाला, दिवसा चावणारा. आमच्याकडे पावसाळा सुरू झाला की आशाताई दारोदार येऊन सांगतात, पिंप उलथे करा, टायर काढा, आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा. आम्ही 'हो हो' म्हणतो आणि नळाला पाणी रोज येत नाही म्हणून पिंपं पुन्हा भरून ठेवतो. म्हणजे दारूगोळा आपल्याकडे तयारच आहे, ठिणगी तेवढी आलेली नाही. रक्तात विषाणू घेऊन एक माणूस गावात उतरला, आणि त्याला आपल्या पिंपातला डास चावला, तर पुढचं काम तो डासच करील. तेव्हा तो परवाना मी घरात शिरण्यासाठी नाही, शेजारच्या घरातल्या पोरांसाठी आहे.

पिढ्यान्‌पिढ्या हे आपल्याला कळत होतं, फक्त शब्द वेगळे होते. बाळंतिणीच्या खोलीत बाहेरून आलेल्याला थेट जाऊ देत नसत. पायावर पाणी घे, हात शेगडीवर शेक, मग बाळाला हात लाव. कुणी म्हणत नसे की माझा अपमान झाला. आज अमेरिकेतल्या मुली आईवडिलांना सांगतात, येण्याआधी डांग्या खोकल्याची आणि फ्लूची लस घेऊन या. तर इथे काही आजीआजोबा रुसतात, "माझ्या नातवाला भेटायला मला सुई?" अहो, डांग्या खोकला मोठ्यांना नुसता खोकला वाटतो, तान्ह्या बाळाचा तो श्वास कोंडतो. आणि बाळाला स्वतःची लस मिळायला काही आठवडे जावे लागतात. ती शेगडीच आहे ही, फक्त आता दंडात टोचतात!

माझ्या पिढीला तर सुईचं नवल वाटायला नको. आमच्या लहानपणी देवी काढायला माणूस आला की पोरं कणगीमागे लपायची. माझ्या दंडावरचा वण अजून आहे. पंढरीला निघणाऱ्या वारकऱ्यांनाही तेव्हा पटकीची लस टोचत. पांडुरंगाने कुणाला कमी भक्त म्हटलं नाही. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये सापडला, आणि १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जगातून देवी गेल्याचं जाहीर केलं. रोग गेला, तसा प्रवाशांकडून मागायचा देवीचा दाखलाही गेला. मला ही गोष्ट फार आवडते. नियम रोगासाठी होता, रोगाबरोबर संपला.

पण दाराशी अडवल्या जाण्याचं दुःख काय असतं, तेही आपल्याला ठाऊक आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि साऱ्या जगाला मुंबईच्या बंदराची धास्ती बसली. १८९७ च्या सुरुवातीला व्हेनिसला देशोदेशींची परिषद भरली ती याच प्लेगपायी. त्या वर्षी मुंबईहून हजला जाणंही बंद करण्यात आलं. त्याच जानेवारीत, १० तारखेला, मुंबईत वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची. आणि दोनच महिन्यांनी, १० मार्चला, पुण्याजवळ प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई गेल्या. मी मास्तरीण, त्यामुळे ही तारीख मला विसरता येत नाही. मुंढव्याहून आजारी पोराला त्यांनी हडपसरच्या बाजूला, यशवंतरावांच्या दवाखान्यात आणलं होतं. त्याच हडपसरला १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली आणि तिथून जगभर लशी जाऊ लागल्या. जिथे लशीवाचून माणसं गेली, तिथेच लशीचा कारखाना! इतिहासात असे योग फार थोडे.

त्याच कारखान्याच्या कोव्हिशिल्डने २०२१ मध्ये काय अनुभवलं ते आठवतंय ना? त्या मार्चमध्ये ब्रिटनने सीरमकडून सुमारे ५० लाख डोस नेले. तिथल्या लोकांनी ते टोचून घेतले. आणि सप्टेंबरमध्ये तीच लस इथे घेतलेल्या आपल्या माणसाला तोच ब्रिटन म्हणाला, तुम्हाला दहा दिवस विलगीकरण. मग म्हणाला, लस चालेल पण तुमचा दाखला नाही चालणार! आपल्या सरकारनेही ४ ऑक्टोबरपासून ब्रिटिशांना तोच नियम लावला, तेव्हा कुठे ११ ऑक्टोबरपासून वाट मोकळी झाली. युरोपच्या 'ग्रीन पास'च्या यादीतही सुरुवातीला कोव्हिशिल्ड नव्हती. कोव्हॅक्सिन घेतलेल्यांना तर जागतिक आरोग्य संघटनेच्या मान्यतेसाठी ३ नोव्हेंबर २०२१ पर्यंत थांबावं लागलं. दोन डोसांमधलं अंतर १२ ते १६ आठवडे केलेलं, आणि परदेशी निघालेल्या विद्यार्थ्यांची कॉलेजं त्याआधी सुरू होणार. शेवटी त्यांच्यासाठी २८ दिवसांनी दुसरा डोस देण्याची आणि प्रमाणपत्रावर पासपोर्टचा नंबर घालण्याची सोय जूनमध्ये झाली. माझा एक माजी विद्यार्थी त्या काळात मुलीसाठी किती हेलपाटे घालत होता, ते मी पाहिलं आहे.

तेव्हा आपल्याला राग आला आणि तो रास्तच होता. पण म्हणून सगळे नियम सारखेच अन्यायाचे, असं म्हणायचं का? माझ्या मते फरक करायला शिकलं पाहिजे. नियम रोग बघून केलेला आहे की पासपोर्ट बघून, एवढा एकच प्रश्न विचारावा. पीतज्वराच्या नियमात लस सगळ्यांना एकाच पद्धतीची, दाखला सगळ्या जगात एकाच नमुन्याचा, आणि नैरोबीहून उतरणारा माणूस केनियाचा असो की अवसरीचा, नियम एकच. मॅक्स थायलर यांनी जिच्यावर काम केलं, १९५१ चं नोबेल मिळवलं, ती लस एकदाच घ्यायची. २०१६ पासून तिचा दाखलाही जन्मभर चालतो. असा नियम पाळण्यात कमीपणा नाही. उलट २०२१ मध्ये आपण जे मागत होतो ते हेच होतं, की सगळ्यांना एक माप लावा.

आता अडचणीच्या गोष्टीकडे येते. ही लस जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची आहे. तान्ह्या बाळांना ती देत नाहीत, अंड्याची तीव्र ॲलर्जी असणाऱ्यांना देत नाहीत, ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे त्यांना देत नाहीत. साठीच्या पुढे फार विचार करून देतात, कारण वय वाढतं तसा गंभीर त्रासाचा धोका थोडा वाढतो. माझ्या वयाला तो लाखात एखाददुसरा असावा, असं डॉक्टरांनी समजावलं. शिवाय खुद्द नैरोबी शहरात पीतज्वराचा धोका कमीच मानतात. म्हणजे माझ्यापुरतं गणित असं, की रोगाचा धोका थोडा आणि लशीचाही थोडा. ह्यांचं गणित वेगळं. ह्यांना सांधेदुखीसाठी प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी चालू आहे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, यांना ही लस नको.

इथेच ओळखीतले एक गृहस्थ मदतीला धावून आले. म्हणाले, "कशाला डोक्याला ताप करून घेता? टोचायची गरजच नाही. सही-शिक्क्याचं पिवळं पुस्तक मिळवून देतो, दोघांचंही." अगदी प्रेमाने म्हणाले हो! त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, आणि म्हणूनच मला जास्त भीती वाटली. मी तीस वर्षांवर शाळेत घालवली. न शिकलेल्या पोराला पासाचा दाखला दिला तर नुकसान निदान त्या पोराचं होतं. न टोचलेल्या माणसाला टोचल्याचा दाखला दिला तर नुकसान गल्लीचं. डासाला शिक्का वाचता येत नाही!

वैद्यकीय कारणाने लस घेता येत नसेल तर तसं प्रामाणिकपणे लिहून देण्याची सोय आंतरराष्ट्रीय नियमांत आहे. पण ते मानायचं की नाही हे उतरल्यावरच्या आरोग्य अधिकाऱ्याच्या हाती असतं. ह्यांनी दोन दिवस विचार केला. मग म्हणाले, "तू जा. मी इथे गाई बघतो. बाळ मोबाईलवर दिसेलच." एवढं बोलून गोठ्याकडे गेले. पहिलं नातवंड आहे हो. मला ते वाक्य सोपं गेलं नाही, त्यांनाही गेलं नसणार. पण खोटं पुस्तक घ्यायचा विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नाही.

मी लस घेतली. पुण्याच्या सरकारी केंद्रात. दोन दिवस अंग मोडून आलं, तेवढंच.

निघणाऱ्यांसाठी थोडं कामाचं सांगते. ही लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारने ठरवलेल्या केंद्रांवरच मिळते. एकदा कुपी फोडली की ती सहा तासांत संपवावी लागते, म्हणून केंद्रं ठरावीक दिवशी आणि आधी नाव नोंदवून बोलावतात. दाखला टोचल्यापासून दहा दिवसांनी लागू होतो. तेव्हा तिकीट काढलं त्याच आठवड्यात नाव नोंदवा. मूळ पासपोर्ट न्या, नावाचं स्पेलिंग तिथल्या तिथे तपासा. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची चिठ्ठी डॉक्टरांना दाखवा, काही लपवू नका. आणि पोरं शिकायला निघत असतील तर कॉलेजने गोवर-गालगुंडाची किंवा मेंदूज्वराची लस मागितली आहे का ते पत्र नीट वाचा. लहानपणीचं लसीकरणाचं कार्ड ट्रंकेत सापडलं तर सोन्याहून पिवळं!

सरकारकडे मात्र एक मागणं आहे. आंबेगाव-जुन्नरच्या माणसाला यासाठी पुणे-मुंबई गाठावी लागते, कामाचा दिवस मोडतो, आणि तिथेच त्या शिक्केवाल्यांचं फावतं. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात महिन्यातून एकदा जरी असं केंद्र लागलं, तरी खोट्या पुस्तकांचं गिऱ्हाईक निम्मं होईल. नियम कडक असावा, पण त्याची वाट सोपी असावी. वर्गातही मी हेच करत आले.

असो. माझं पिवळं पुस्तक पासपोर्टमध्ये ठेवलं आहे, डिंकाचे लाडू वळून झालेत. ह्यांनी बाळासाठी गोधडी बांधून दिली आहे, आणि इथली पिंपं दर शनिवारी स्वतः उलथी करायचं कबूल केलं आहे.