विजयनगर : अर्धी कथा पुरे झाली

हंपीची सहल करून परतलेली आमची मंडळी देवळाच्या अग्रशाळेत बसून एकच कथा सांगतात. धर्मरक्षणासाठी एक राजधानी उभी राहिली, सुलतान एक होऊन तिच्यावर तुटून पडले आणि १५६५ साली ती धुळीस मिळाली. ऐकताना आमचेही डोळे पाणावतात. परंतु ही कथा अर्धी आहे, आणि निदान गोमंतकीयांनी तरी ती अर्धीच सांगू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

घोड्यांचीच गोष्ट घ्या. दक्षिणेत लढाऊ घोडा निपजत नसे. तो अरबस्तान-इराणहून गलबतातून येई, आणि गोवे हे त्या व्यापाराचे मोठे बंदर. विजयनगरच्या माधव मंत्र्याने १३८० च्या सुमारास गोवे घेतले व सप्तकोटीश्वराची पुनःस्थापना केली, हे आपण अभिमानाने सांगतो, सांगावेच. पण त्या मोहिमेत बंदराचा लोभ मुळीच नव्हता काय? पुढे १५१० मध्ये गोवे पोर्तुगिजांच्या हाती गेले. १५४० साली तिसवाडीतील देवळे पाडली गेली. पुढल्या काळात देव उचलून नदीपार जाण्याची पाळी आमच्या पूर्वजांवर आली. आणि १५४७ साली, रामरायाच्या हाती सर्व सूत्रे असताना, सदाशिवरायाच्या नावाने पोर्तुगिजांशी तह झाला! गोव्यात उतरणारे घोडे विजयनगरास मिळावेत, आदिलशहास मिळू नयेत, हा त्यातील मोठा मुद्दा. सातच वर्षांपूर्वी पडलेली देवळे त्या तहाच्या आड आली नाहीत.

कोणी म्हणेल, राज्ये अशीच चालतात. आमचे म्हणणे तरी दुसरे काय आहे? ती राजधानी होती, मठ नव्हे. दुसऱ्या देवरायाने सैन्यात मुसलमान धनुर्धर ठेवले; अहमदखान नावाच्या सरदाराने १४३९ साली त्याच नगरीत मशीद बांधली. सुलतानांच्या आपसांतील भांडणांत रामराय आज याच्या, उद्या त्याच्या बाजूने उतरला, तेव्हाच त्यांच्या एकीचे बी पडले. तो रणात पडल्यावर त्याचा भाऊ तिरुमल राजाला आणि खजिन्याला घेऊन पेनुकोंड्याकडे निघून गेला. एवढी तटबंदी असूनही रयतेसाठी नगर लढविण्यास कोणी राहिले नाही. आमच्या कथेकऱ्यांना हा भाग नेमका आठवत नाही.

उरले काय? विरूपाक्ष उरला. तो साम्राज्याच्याही आधीचा. त्याची पूजा आजही चालू आहे. आणि उरले पाणी. राजांच्या काळचा तुर्तू कालवा अजून वाहतो, केळीच्या बागा भिजवतो. आमच्या सहलीची गाडी त्याच्या शेजारून जाते; तेथे मात्र कोणी उतरत नाही.