उंदीर मेला नाही, म्हणून?

मागे आमच्या तालुक्यात एका रासायनिक कारखान्याच्या विस्ताराची जनसुनावणी झाली. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हे उत्तर एकाच कारखान्याचं नाही. एका कोळी मावशींनी उठून विचारलं, "तुमचं नवीन केमिकल खाडीत आलं तर आमच्या मासळीचं काय?" साहेबांनी हातातला कागद वर केला. "मावशी, काळजी सोडा. जनावरांवर तोंडी विषारीपणाची चाचणी झालेली आहे. एलडी ५० दोन हजारच्या वर. मीठ आहे ना घरात, साधारण तसंच समजा." मंडपात हशा पिकला आणि मावशी खाली बसल्या.

साहेब खोटं बोलले नव्हते. मिठाचा आकडासुद्धा किलोमागे तीन हजार मिलिग्रॅमच्या आसपासच आहे. म्हणूनच मला जास्त राग आला. खरा आकडा भलत्याच प्रश्नाला उत्तर म्हणून दिला गेला आणि तो ऐकून प्रश्न संपला.

हा आकडा येतो कुठून ते एकदा नीट समजून घेऊ. एलडी ५० म्हणजे ज्या मात्रेला गटातली निम्मी जनावरं मरतात ती मात्रा. ही कल्पना ट्रेव्हन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १९२७ मध्ये मांडली. पूर्वी एका रसायनासाठी बरीच जनावरं मारली जायची. ती जुनी पद्धत ओईसीडीने २००२ च्या अखेरीस रद्द केली. आता तरुण, निरोगी उंदीर घेतात, बहुतेक वेळा माद्याच. रात्रभर उपाशी ठेवतात आणि नळीने रसायन थेट पोटात सोडतात. एकदाच. मग १४ दिवस बघतात. प्रचलित पद्धतीत एका टप्प्याला तीन उंदीर आणि ५, ५०, ३००, २००० अशा ठरलेल्या मात्रा असतात. पदार्थ फारसा विषारी नसेल असा अंदाज असला तर सरळ २००० देतात. सहा उंदीर निभावले की कागदावर येतं : "दोन हजारच्या वर". म्हणजे इतकंच की तिथवर जाऊन आम्ही थांबलो.

हे काम निरुपयोगी नाही. ड्रम फुटला, कामगाराच्या तोंडात गेलं, पोराने बाटली उघडली, तर डॉक्टरला पहिला अंदाज यातूनच येतो. कीटकनाशकाच्या डब्यावरचे लाल, पिवळे, निळे, हिरवे त्रिकोण बागायतदारांना माहीत आहेतच. तेही अशाच आकड्यांवरून ठरतात : तोंडी ५० पर्यंत लाल, ५०० पर्यंत पिवळा, ५००० पर्यंत निळा, त्यापुढे हिरवा.

पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे. मिथेनॉल घ्या. उंदराच्या हिशेबाने त्याचा आकडा ५६०० च्या आसपास, म्हणजे साहेबांच्या मिठापेक्षाही सौम्य! २०१५ च्या जूनमध्ये मालवणीला त्याच मिथेनॉलच्या दारूने शंभराहून जास्त माणसं गेली. उंदराचं शरीर मिथेनॉलपासून बनणारं विष भराभर निकाली काढतं, आपलं तसं काढू शकत नाही. म्हणून मिथेनॉलला आज विषारी गटात ठेवलंय, ते माणसांच्या अनुभवावरून, उंदराच्या आकड्यावरून नव्हे.

दुसरं उदाहरण जे. जे. हॉस्पिटलचं, जिथे आपल्या रायगडचे पेशंट आजही जातात. १९८६ च्या सुरुवातीला तिथे औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे कारखान्यातलं रसायन निघालं. १४ रुग्ण दगावले. लेंटिन आयोग बसला तो याच प्रकरणात. या रसायनाचा उंदरांवरचा आकडा किलोमागे १२ हजार मिलिग्रॅमच्या वर आहे. त्या हिशेबाने ६० किलोच्या माणसाला पाऊण किलोच्या आसपास प्यावं लागेल. पाऊण किलो औषध कोण पितं? तरी माणसं गेली.

आणि मावशींनी तर माणसाचं विचारलंच नव्हतं, मासळीचं विचारलं होतं. मासा रसायन गिळत नाही, त्यातच श्वास घेतो. सायपरमेथ्रिन उंदराला मारायला किलोमागे शेकडो मिलिग्रॅम लागतं. माशांच्या काही जातींना लिटरभर पाण्यात काही मायक्रोग्रॅम पुरतं, आणि मायक्रोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग. महाडचं सांडपाणी सावित्रीच्या खाडीत जातं, रोहा-धाटावचं कुंडलिकेच्या. तिथल्या बोईट-जिताड्याला उंदराचा दाखला काय कामाचा? कायद्यात माशांची वेगळी चाचणी आहेच : सांडपाण्यात ९६ तास ठेवल्यावर १०० पैकी ९० मासे जगले पाहिजेत. तीसुद्धा चार दिवसांत मरतात का एवढंच पाहते. अंडी धरतात का, पिल्लं वाढतात का, हा प्रश्न त्यात नाही.

प्राणिमित्र म्हणतील चाचण्याच बंद करा. मी तिथवर जात नाही, पण एक मान्य आहे : ज्या रसायनाचा आकडा जगात आधीच आहे, त्याच्यासाठी पुन्हा उंदीर मारायचे नाहीत. आणि जे मेले, त्यांच्या नावावर भलतंच प्रमाणपत्र फाडायचं नाही.

२००६ च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणीआधी अहवालाचा सारांश मराठीत मिळतो. रसायनाची माहिती मात्र मूळ इंग्रजी अहवालाच्या पोटात कुठेतरी परिशिष्टात असते. तेव्हा पुढच्या वेळी कोणी "दोन हजारच्या वर" म्हणालं की हसू नका, विचारा. माशांचा ९६ तासांचा आकडा किती? वाफ किंवा धूळ नाकात गेली तर किती? रोज थोडं थोडं दिलं, २८ दिवस, ९० दिवस, तर काय दिसलं? आणि चाचणीच केलेली नसेल, तर "केलेली नाही" असं इतिवृत्तात लिहून घ्या. मंडपात माईक मिळाला नाही तर हेच प्रश्न प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी देता येतात.

एका पानावर मराठीत लिहून ठेवलेत मी हे प्रश्न. ज्यांच्याकडे सुनावणी लागली असेल त्यांनी मेसेज करा, पाठवतो. त्या मावशींना काल बाजारात पान देऊन आलो. त्यांनी वाचून घेतलं आणि म्हणाल्या, "त्या दिवशी का नाय दिलास?"