गुग्गुळ: पेशींत आणि पेशंटमध्ये

अमुक वनस्पतीच्या अर्काने यकृताच्या पेशींतले ऑक्सिडीकरण रोखले, कोलेस्टेरॉलची निर्मिती घटवली, अशा मथळ्यांचे शोधनिबंध आता सतत येत असतात. ते वाचायलाच हवेत. मात्र त्यांच्या भरवशावर चिठ्ठी लिहिण्याआधी वैद्यांनी गुग्गुळाचा इतिहास आठवावा.

सुश्रुतसंहितेतील मेदोरोगाच्या वर्णनाचा धागा पकडून डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी बनारस हिंदू विद्यापीठात सशांवर गुग्गुळाचे प्रयोग केले. त्यांचा प्रबंध १९६६ चा. पुढे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत गुग्गुळाच्या अर्काचे गुग्गुलिपिड तयार झाले. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय बहुकेंद्री अभ्यासात बहुतेक रुग्णांचे कोलेस्टेरॉल उतरले. २००२ मध्ये कार्यपद्धतीही समोर आली: गुग्गुळातले गुग्गुलस्टेरोन एफएक्सआर या पित्ताम्लांच्या रिसेप्टरला अडवते, आणि हा रिसेप्टर नसलेल्या उंदरांच्या यकृतातले कोलेस्टेरॉल त्याने घटत नाही. ग्रंथ, प्राणी, रुग्ण, रेणू, सगळे जुळले.

पुढच्याच वर्षी फिलाडेल्फियातील चाचणी ‘जामा’त आली. १०३ रुग्ण, ८ आठवडे, प्लासिबोशी तुलना. गुग्गुलिपिड घेणाऱ्यांचे एलडीएल ४ ते ५ टक्के वाढले, प्लासिबो गटाचे ५ टक्के घटले. औषध घेणाऱ्या ६ जणांच्या अंगावर पुरळ उठले.

एवढ्याने गुग्गुळ बाद होत नाही. तिथला आहार निराळा होता, आणि दिला तो अर्क. त्रिफळा क्वाथात शुद्ध करून नवक गुग्गुळात घातलेला गुग्गुळ नव्हे. पण हा युक्तिवाद करायचा तर आपल्या कल्पाचे आकडे आपल्या हाती हवेत. किती दवाखान्यांत ते आहेत?

पेशींचा पुरावा तर याहून तोकडा. बहुतेक प्रयोग ज्या हेपजी-२ पेशींवर होतात त्या यकृताच्या गाठीतून आलेल्या. औषधांचे रूपांतर करणारी विकरे त्यांच्यात फार कमी. डीपीपीएच चाचणीतले जांभळे द्रावण पिवळे पडले की ‘अँटिऑक्सिडंट’ हा शिक्का बसतो. पोटात घेतलेल्या गोळीतले किती द्रव्य यकृतापर्यंत पोहोचते, हे त्यातून कळत नाही.

गुग्गुलिपिडने डिल्टियाझेम व प्रोप्रॅनोलॉलची रक्तातली मात्रा घटते, हेही दिसले आहे. म्हणून रुग्णाची चालू औषधे केसपेपरवर आधी लिहा. स्टॅटिन परस्पर बंद करू नका. उपचारापूर्वी आणि १२ आठवड्यांनी लिपिड प्रोफाइल व एसजीपीटी करून घ्या; कल्प, मात्रा, शोधनद्रव्य, अनुपान नोंदवा. त्या नोंदी आमच्याकडे पाठवा, कोलेस्टेरॉल वाढलेल्या रुग्णांच्याही. त्यांनाही आम्ही तितकीच जागा देऊ.