मांजराची चुकामूक

चुकामूक हा शब्द पंढरपूरच्या माणसाला शिकवावा लागत नाही. आषाढीच्या आठवड्यात महाद्वार घाटाकडून, चौफाळ्याकडून तो कर्ण्यावरून सारखा कानांवर पडत असतो. अमक्या गावच्या अमक्या आजी, अंगावर हिरवं लुगडं, त्यांची माणसं चौकीपाशी थांबली आहेत, असतील तिथून त्यांनी यावं. लाखांनी माणूस लोटतं, त्यात काही हात सुटायचेच. आणि सुटलेले बहुतेक हात पुन्हा सापडतात, याची कारणं दोन. हरवलेलं माणूस रडतं, ओरडतं, दिसेल त्याला आपल्या दिंडीचा नंबर सांगतं, हे एक. आणि ज्याला विचारावं तो थांबून उत्तर देतो, हे दुसरं.

मांजर हरवलं की यातली पहिली गोष्ट मुळातच नसते. दुसरी दारोदार फिरून मिळवावी लागते.

रविवारच्या पानावर एवढ्या ऐसपैस जागेत मांजराची कथा कशाला, असं काही वाचकांना वाटेल. पण ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांना ते वाटणार नाही, आणि ज्यांच्या घरी लहान मूल आणि मांजर दोन्ही आहेत त्यांना तर मुळीच नाही. मांजर गेलं त्या रात्री घरात जेवणं कशी होतात ते त्यांना ठाऊक असतं.

पंढरपुरात हरवलेल्या प्राण्याची अलीकडची गाजलेली गोष्ट मात्र कुत्र्याची आहे. २०२४ च्या आषाढी वारीची. बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणी तालुक्यात यमगर्णी नावाचं गाव आहे. तिथल्या एका वारकऱ्याबरोबर त्याचा काळा कुत्रा पायी पंढरपूरला आला. नाव ‘महाराज’. दर्शन घेऊन मालक बाहेर येतो तो महाराज गायब. लोक म्हणाले, दुसऱ्या दिंडीबरोबर गेला. मालकानं शोध शोध शोधलं, शेवटी हताश होऊन १४ जुलैला तो गावी परतला. आणि दुसऱ्या दिवशी हा पठ्ठ्या दारात शेपूट हलवत उभा! वर्तमानपत्रांनी अंतर सांगितलं सुमारे अडीचशे किलोमीटर. गावानं त्याला हार घातला, जेवणावळ घातली. मी ती बातमी घरात मोठ्यानं वाचून दाखवली, तेव्हा आमची नात म्हणाली, “मांजर असतं तर पंढरपुरातच बसलं असतं.”

पोरगी सहज बोलली, पण नेमकं बोलली. कुत्रा माणसाचा असतो आणि मांजर जागेचं. घाबरलेला कुत्रा पळत सुटतो. घाबरलेलं मांजर सापडेल त्या पहिल्या सांदीत शिरतं आणि तिथं दगडासारखं बसून राहतं. मुख्य म्हणजे ओरडत नाही. आपला आवाज शत्रूला आपला पत्ता सांगतो, हे त्याच्या रक्तात आहे. मालक नाव घेऊन समोरून हाका मारत जातो आणि ते दहा हातांवरून मुकाट्यानं त्याचे पाय बघत असतं.

हा माझा अंदाज नव्हे. २०१८ मध्ये बाराशेहून अधिक हरवलेल्या मांजरांची माहिती मालकांकडून गोळा करून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ही मांजरं बहुतेक ऑस्ट्रेलिया, अमेरिका अशा देशांतली, म्हणजे पंढरपूरच्या गल्लीशी त्यांचा संबंध नाही. पण मांजर सगळीकडे मांजरच. त्यांतली साधारण एकतृतीयांश पहिल्या सात दिवसांत जिवंत सापडली, वर्षभरात एकसष्ट टक्के. नव्वद दिवसांनंतर जिवंत सापडलेली फारच थोडी. आणि सापडलेल्यांपैकी पंचाहत्तर टक्के कुठं सापडली, तर निसटली तिथून पाचशे मीटरच्या आत. पाचशे मीटर म्हणजे किती? आमच्या भागात नाथ चौकातून निघून वाटेत दोन ओळखीचे भेटले तर अर्धा तास, नाहीतर सहा-सात मिनिटं. प्रत्यक्ष पायी फिरून, वाकून, डोकावून शोधण्याचा उपयोग होतो, असंही त्या अभ्यासात दिसलं.

आता आमची हकिकत. आमच्या मांजरीचं नाव बुक्की. अंगभर बुक्क्यासारखी काळी आणि गळ्यापाशी पांढरा ठिपका. (नाव ऐकून पाहुणे आधी जरा मागं सरकतात, तिनं आजवर कोणाला बुक्की मारलेली नाही.) काळी असल्यामुळं गल्लीत तिचे हितचिंतक थोडे. २०२३ साली आषाढी एकादशी २९ जूनला होती. ३ जुलैला पौर्णिमा, गोपाळपूरला काला झाला, पालख्या परतीला लागल्या आणि गाव एकदम ओकंबोकं झालं. ४ जुलैच्या सकाळी दुधाच्या वेळेला बुक्की आली नाही.

सल्ले भरपूर मिळाले. कोणी म्हणालं वाळवंटात बघा, कोणी म्हणालं स्टेशनकडं बघा, एखाद्या दिंडीच्या ट्रकमध्ये बसून गेली असेल. एका गृहस्थांनी तर काळी मांजर आपणहून गेली तर शुभच, असंही सांगितलं. सौभाग्यवतींनी त्यांना चहा विचारला नाही.

आम्ही गल्ली वाटून घेतली. जुन्या पंढरपुरातली घरं ज्यांनी पाहिली नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. माळवदाला माळवद लागलेलं, एका घराच्या धाब्यावर चढलं की चार घरं ओलांडून पाचव्याच्या अंगणात उतरता येतं. माणसांच्या दृष्टीनं ही पाच घरं, मांजराच्या दृष्टीनं एकच. कोणत्या वाड्याची वाटणी कधी झाली, कोणाचं कोणाशी बोलणं नाही, हे तिला कुठलं माहीत! ती सगळ्यांकडं जाते. पण तिला शोधायचं तर मला तिच्या वाटेनं जाता येत नाही, मला प्रत्येकाच्या पुढच्या दारानं जावं लागतं, आणि तिथं खरी अडचण. आमच्या गल्लीतल्या कितीतरी दारांना आता कुलूप असतं. मुलं पुण्याला, सोलापूरला. घर वारीपुरतं उघडतं, वारकऱ्यांना उतरायला दिलं जातं, पौर्णिमा झाली की पुन्हा बंद. त्यात मंदिराभोवतीच्या कॉरिडॉरची चर्चा २०२२ पासून सुरू झाली, तेव्हापासून डागडुजीवर पैसा घालायलाही माणूस कचरतो.

एकदा हे ध्यानात आलं की पुढचा हिशेब सरळ होता. आठ दिवस प्रत्येक घर उघडं. खोल्यांतून पिठलं-भाकरीचा, ताकाचा वास. पन्नास माणसं आत-बाहेर. त्या गर्दीला बिचकून मांजर आतल्या खोलीत, माच्याखाली, पोत्यांच्या मागं जाऊन बसतं. माणसं पहाटे घाईनं पडशी उचलून निघतात. मालक येतो, दिवा मालवतो, कुलूप लावतो, गाडी पकडतो. आषाढीला लावलेलं ते कुलूप कार्तिकीला निघतं. मध्ये निदान चार महिने! नव्वद दिवसांचा आकडा वाचकांनी इथं आठवून पाहावा.

पाचव्या रात्री दोनच्या सुमारास आम्ही दोघं बॅटरी घेऊन निघालो. ही वेळ मुद्दाम निवडली होती. काकड्याच्या आधी दोन तास पंढरपूर खरोखर झोपलेलं असतं. रिक्षा नाही, कर्णा नाही. अंधारात मांजराचे डोळे उजेड परत फेकतात, त्यामुळं बॅटरी डोळ्यांच्या रेषेत धरून सावकाश फिरवायची. हाक मात्र एकानंच मारायची, आणि तीही ज्याच्या हातचं ते जेवतं त्यानं. मांजर आपलं नाव इतर शब्दांतून वेगळं ओळखतं, हे जपानी संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवून दिलं आहे. ओळखतं, पण येतंच असं नाही, हे मांजर पाळणाऱ्याला दाखवून द्यायला जपानहून कोणी यायला नको.

सौभाग्यवतींनी तिसऱ्यांदा हाक मारली तेव्हा आमच्या मागच्या वाड्यातल्या बंद खोलीतून नखांचा आवाज आला. लाकडावर. दोनदा, आणि मग थांबला.

त्या खोलीला दोन कुलपं होती. दोन भावांची. वाटणीचा दावा चालू, म्हणून थोरल्यांनी एक लावलेलं, धाकट्यांनी दुसरं. मी जन्मभर बँकेत काढला. स्ट्राँग रूमला दोन किल्ल्या, दोन अधिकाऱ्यांकडं, एकाला एकट्यानं उघडता येऊ नये म्हणून. ती व्यवस्था विश्वासावर उभी असते, ही अविश्वासावर होती, पण दाराला दोन्ही सारखीच घट्ट बसतात. सकाळी सहाला पुण्याला फोन केला. थोरले म्हणाले, “माझं कुलूप खुशाल तोडा. त्याच्या कुलपाला हात लावू नका, उद्या कोर्टात माझ्यावरच उलटेल.” मग सोलापूरला. धाकट्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “तुम्हाला फोन करायला दादानं सांगितलं का?” मी म्हणालो, मांजरानं सांगितलं. पलीकडं बराच वेळ काही आवाज नव्हता. मग म्हणाले, पहिल्या एसटीनं निघतो.

दहाच्या आधीच ते आले. गल्ली जमली होती. थोरल्यांचं कुलूप लोहाराच्या पोरानं हातोड्यानं फोडलं, शेजारच्या काकूंच्या मुलानं त्याचं मोबाइलवर चित्रण केलं, म्हणजे पुढं कोणी काही म्हणायला नको. धाकट्यांनी आपलं कुलूप किल्लीनं उघडलं. दार ढकलताच काळी रेघ सगळ्यांच्या पायांतून निघून गेली, माळवदावर चढली आणि आम्ही घरी पोहोचण्याआधी ओट्याखाली जाऊन बसली. खोलीत वारकऱ्यांनी ठेवलेल्या बादलीच्या तळाशी थोडं पाणी होतं. त्यावर तिचा जीव तगला होता. धाकटे त्या खोलीत जरा वेळ उभे राहिले. कोपऱ्यात त्यांच्या आईचं जातं होतं. कोणी काही बोललं नाही.

इथं एक व्यवहाराची गोष्ट. उपाशी मांजर सापडलं की आनंदानं वाटीभर दूध आणि पोटभर मासळी समोर ठेवू नये. काही दिवस अन्न न मिळालेल्या मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साठते आणि जिवावर बेतू शकतं. आधी पाणी, मग थोडं थोडं खाणं, आणि त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरांकडं.

बंद जागा आणि मांजर हे नातं पंढरपूरला नवं नाही. महिपतींनी १७६२ मध्ये पूर्ण केलेल्या ‘भक्तविजया’त राका कुंभाराची कथा आहे. राका पंढरीचाच. त्याच्या एका कच्च्या मडक्यात मांजरीनं पिल्लं ठेवली होती. ते न कळता आवा रचला गेला आणि पेटला. मांजरी आव्याभोवती आक्रोश करत फिरू लागली तेव्हा राकाला उलगडा झाला. त्यानं देवाला साकडं घातलं, पिल्लं वाचली तर सगळा प्रपंच लुटवून टाकीन. आवा उघडला तर तेवढं एक मडकं कच्चं आणि आत पिल्लं जिवंत. राकानं शब्द पाळला. कीर्तनात ही कथा लागली की लोक पांडुरंगाच्या कृपेवर डोळे पुसतात, आणि ते योग्यच आहे. माझं लक्ष मात्र नेहमी त्या मांजरीकडं जातं. ती वाळवंटात गेली नाही की वेशीबाहेर गेली नाही. जिथं ठेवली होती तिथंच घिरट्या घालत राहिली.

तेव्हा माझं मागणं साधं आहे आणि ते माझ्या गावकऱ्यांकडं आहे. माझ्या पहिल्या शाखेत एक म्हातारे हेड कॅशियर होते. स्ट्राँग रूमचं दार ओढण्याआधी ते किल्ल्यांचा जुडगा पोलादावर दोनदा वाजवत आणि आत हाक देत, “आहे का कोणी?” आत कोणी नसे. पस्तीस वर्षांत मी तिथं कोणी असलेलं ऐकलं नाही. तरी त्यांनी एक दिवसही हाक चुकवली नाही. पौर्णिमेनंतर खोली बंद करताना एवढं केलं तर? दिवा चालू ठेवून पाच मिनिटं दारात थांबावं, माच्याखाली, पोत्यांमागं, कोठीच्या वर बॅटरी फिरवावी. आणि परगावी राहणाऱ्यांनी एक किल्ली गल्लीत कोणाकडं तरी ठेवावी. बहुतेकांना हे पटत नाही, हे मी दोन वर्षं ऐकतो आहे. किल्ली दिली की वापर वाढतो, वापर वाढला की हक्क सांगतात, अशी भीती. भीती खोटी नाही. जागेचे दावे मीही कर्जाच्या फायलींतून पुष्कळ पाहिले आहेत. पण मग निदान फोन नंबर तरी द्यावा, आणि सकाळी सहाला वाजला तर उचलावा.

आमच्या गल्लीत आता तीन घरांच्या किल्ल्या आमच्या फडताळात असतात. धाकट्या भावांची त्यांत आहे. थोरल्यांनी नवं कुलूप आणून लावलं, किल्ली पुण्यालाच नेली. दावा चालू आहे.

कोपऱ्यावरच्या चुरमुऱ्याच्या दुकानदाराचा तांबूस बोका गेल्या कार्तिकीनंतर दिसलेला नाही. उघडी होती ती सगळी घरं पाहून झाली, किल्ल्या होत्या ती तिन्ही पाहून झाली. दोन वाड्यांचे मालक कुठं असतात ते अजून कोणाला नीट सांगता आलेलं नाही. दुकानदार संध्याकाळी दिवाबत्ती झाली की त्या दोन दारांशी जातो, फटीला तोंड लावून हाक मारतो आणि थोडा वेळ ऐकत उभा राहतो.