पिकअपचे नाक

या सदराच्या नेहमीच्या वाचकांना आमचा मिशिगनचा भाचा परका नाही. बर्फ उडवण्याच्या यंत्राने ज्याने स्वतःचेच वर्तमानपत्र शेजाऱ्याच्या अंगणात भुरभुरवले होते, तोच हा. २०२४ च्या मार्चात एका रविवारी सकाळी त्याचा फोन आला.

"मामा, पिकअपला नवं नाक बसवलं!"

पिकअप म्हणजे पुढे माणसांची केबिन आणि मागे उघडा हौदा असलेली गाडी. आपल्याकडे ती भाजीवाल्याची. अमेरिकेत मात्र ती डॉक्टरही चालवतो, सुतारही चालवतो आणि आमच्या भाच्यासारखा हिशेबनीसही चालवतो. फोर्डच्या एफ मालिकेची गाडी तिथे १९४८ पासून आहे आणि १९७७ पासून इतर साऱ्या पिकअपांच्या पुढे खपते, यावरून त्या लोकांचा जीव कुठे गुंतला आहे ते कळावे. भाच्याचा पिकअप कोणत्या कंपनीचा ते सांगत नाही, कारण या कथेत त्या कंपनीकडे काही दोष नाही.

नाक म्हणजे इंजिनात हवा जाण्याची वाट. कारखान्यातून येते ती प्लास्टिकची पेटी आणि तिच्यातला कागदी फिल्टर. भाच्याने ते दोन्ही काढून तिथे एक जाड, गुळगुळीत नळी आणि तिच्या टोकाला तेल लावलेल्या सुती कापडाचा, शंकूच्या आकाराचा फिल्टर बसवला. किंमत ३५० डॉलर. त्याचे म्हणणे असे, की इंजिनाला मोकळा श्वास मिळाला की ते कमी पेट्रोल पिते. एप्रिलअखेर त्याने आकडे कळवले. फेब्रुवारीत गॅलनला साडेसोळा मैल पडत होते, म्हणजे आपल्या हिशेबाने लिटरला सात किलोमीटर. आता अठरा मैलांच्या वर, म्हणजे पावणेआठ किलोमीटरच्या आसपास. वर्षाला बारा हजार मैल धावणे आणि गॅलनला साडेतीन डॉलर भाव धरला, तर वर्षाकाठी अडीचशे डॉलर वाचणार. दीड वर्षात नळी फुकट!

इथवर माझे काही बिघडत नव्हते. त्याची गाडी, त्याचे डॉलर. पण पुढचे वाक्य ऐकून मी खुर्चीत सावरून बसलो. "मी नारायणगावलाही फोन केलाय. तोही बसवतोय."

नारायणगावला माझा पुतण्या आहे. त्याचा डिझेलवर चालणारा पिकअप टोमॅटोच्या हंगामात क्रेट भरून वाशीच्या बाजारात जातो. गाडीवर कर्ज आहे, महिन्याचा हप्ता आहे, आणि हप्त्याच्या तारखेला टोमॅटोचा भाव काय असेल ते देवालाही ठाऊक नसते. त्याला तशीच नळी अठरा हजारांत मिळत होती. घरातले कोणी सांगते तर त्याने दहादा विचार केला असता. पण अमेरिकेतला भाऊ सांगतो म्हटल्यावर विचार कसला? दोन हजार विसारही देऊन झाला होता.

खरे सांगायचे तर भाच्याचे म्हणणे मला प्रथम पटले होते. १९८१ साली माझ्याकडे जुनी फियाट होती. ती एकाएकी पेट्रोल फार पिऊ लागली, मागून काळा धूर सोडू लागली. मिस्त्रीने झाकण उघडून फिल्टर बाहेर काढला आणि काही न बोलता माझ्यापुढे धरला. त्यात जवळजवळ पसाभर धूळ होती. वर्षभर मी तिकडे पाहिलेच नव्हते. नवा फिल्टर पडताच गाडी नऊवरून दहावर आली. तेव्हापासून "फिल्टर मोकळा तर पेट्रोल वाचते" हे माझ्या डोक्यात पक्के बसले, आणि त्या गाडीपुरते ते खरेही होते. तिला कार्बुरेटर होता. अरुंद गळ्यातून हवा ओढली जाते, त्या ओढीने पेट्रोल वर येते, एवढीच त्याची अक्कल. फिल्टर कोंदला की हवा कमी येते, ओढ वाढते, आणि हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जाते. त्याला ते कळत नाही.

आताच्या पेट्रोल गाडीला कळते. किती हवा आत आली ते एक यंत्र मोजते, धुरात किती प्राणवायू उरला ते दुसरे पाहते, आणि गाडीतला संगणक त्या मानाने पेट्रोल सोडतो. वजनाने हवा चौदा-पंधरा भाग आणि पेट्रोल एक भाग, हे प्रमाण तो सहसा मोडू देत नाही. (एक लिटर पेट्रोल जाळायला सुमारे नऊ हजार लिटर हवा लागते. मला हा आकडा कळला तेव्हा पेट्रोलपेक्षा हवेचाच खर्च मोठा वाटला!) हवा कमी आली, तर पेट्रोलही कमी.

शिवाय दुसरी गंमत अशी. ताशी पन्नास मैलांनी सपाट रस्त्यावर जायला इंजिनाची थोडीच शक्ती लागते. म्हणून पेट्रोल गाडीत हवेच्या वाटेवर थ्रॉटल नावाचे एक दार असते. पायाखालच्या अ‍ॅक्सिलरेटरने ते उघडते-मिटते, आणि एरवी ते बरेचसे लोटलेलेच असते. वाड्याचा दिंडी दरवाजा तुम्ही कितीही रुंद केलात, पण माजघराचे दार निम्मे लोटलेले असेल, तर आत माणसे तितकीच शिरणार. नव्या नळीचा उपयोग होतो तो पाय तळाला टेकवून घाट चढताना. तेव्हा थोडी ताकद जास्त मिळते आणि आवाजही भारदस्त येतो. पण पाय तळाला टेकवून कोणी पेट्रोल वाचवले आहे?

अमेरिकेतल्याच ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ साली मोटारींवर याची परीक्षा घेतली होती. चांगले फिल्टर आणि मुद्दाम कोंदवलेले फिल्टर लावून गाड्या चालवल्या. नव्या पद्धतीच्या गाड्यांत इंधनाच्या खर्चात दखल घेण्याजोगा फरक पडला नाही. फक्त वेग घेताना त्या मंदावल्या. जुन्या कार्बुरेटरच्या गाडीत मात्र पडला. म्हणजे माझी फियाटही खरी आणि प्रयोगशाळाही खरी. आता, कोंदलेला फिल्टर काढून चांगला घातला तरी जिथे पेट्रोल वाचत नाही, तिथे चांगला काढून अधिक मोकळा घातल्याने ते कोठून वाचणार?

हे सारे मी भाच्याला फोनवर समजावले. तो म्हणाला, "मामा, शास्त्र राहू दे. माझ्या वहीत आकडे वाढलेत त्याचं काय?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. ते आमच्या सौ.कडे होते. ती ओट्याशी उभी राहून सगळे ऐकत होती. तिने फोन माझ्या हातातून घेतला.

"अरे, नळी बसवलीस मार्चमध्ये ना? तुमच्याकडे तेव्हा बर्फ असतं. आमचा सिलिंडरसुद्धा थंडीत पाच-सहा दिवस आधी संपतो. उन्हाळ्यात जास्त टिकला म्हणून मी शेगडीचं कौतुक करायचं का? तू गेल्या वर्षीची वही काढ."

हिशेबनीस माणूस तो! वही होतीच. २०२३ च्या फेब्रुवारीत साडेसोळा, एप्रिलमध्ये अठराच्या वर. नळी नव्हती तरीही! कडक थंडीत इंजिन तापायला वेळ लागतो, तेल घट्ट होते, टायरमधला दाब उतरतो, हवाही जड होऊन गाडीला अडवते. उणे सात अंशांना शहरातल्या फेऱ्यांत पंचवीस अंशांपेक्षा सुमारे १५ टक्के कमी अ‍ॅव्हरेज पडते, असे तिथले सरकारच सांगते. भाच्याचे सारे श्रेय वसंत ऋतूचे निघाले.

तरी गडी चिकट. जुलैत त्याने जुनी पेटी परत लावून दोन टाक्या चालवल्या, मग पुन्हा नळी लावून दोन. फरक पडला तो गॅलनला मैलाचा दहावा भाग, आणि तोही जुन्या पेटीच्या बाजूने! मग ऑगस्टमध्ये त्याने एक टाकी ताशी पंच्याहत्तरऐवजी पासष्ट मैलांनी चालवली, तर तेवढ्यानेच अ‍ॅव्हरेज दीड मैलाने वर गेले. नळी अजून गाडीवरच आहे. "आवाज छान येतो," असे त्याने हळूच कबूल केले. आवाजासाठी ३५० डॉलर मोजले म्हटले तर माझी काही हरकत नाही. लोक तबल्यालाही मोजतात.

नारायणगावची गोष्ट वेगळी होती, आणि मला घोर तिचाच होता. डिझेल इंजिनात हवा आधीच गरजेपेक्षा जास्त घेतलेली असते. वेग ठरतो तो किती डिझेल सोडले त्यावर. म्हणून चांगल्या स्थितीतल्या फिल्टरऐवजी मोकळी नळी लावून तिथेही फारसे हाती लागत नाही. उलट फिल्टरचे मुख्य काम इंधन वाचवणे नव्हेच; धूळ अडवणे हे आहे. तेलकट सुती फिल्टर सहसा कागदी फिल्टरइतकी बारीक धूळ अडवत नाही, आणि शेतातल्या रस्त्याची धूळ आत गेली तर पिस्टनच्या रिंगा आणि टर्बो झिजतात. त्यातून नळीचे तोंड खाली असले आणि पावसाळ्यात ओढ्याचे पाणी ओढले गेले, तर इंजिनच फुटायचे. अठरा हजार देऊन लाखाची जोखीम!

मी एस.टी.ने नारायणगाव गाठले. पुतण्याने चहा दिला, ऐकून घेतले आणि म्हणाला, "काका, विसार परत द्यायचे नाहीत ते."

"दोन हजार गेले तर जाऊ देत. सोळा राहिले ना?" मी म्हणालो.

तो बराच वेळ गप्प राहिला. मग उठून गाडीपाशी गेला, फिल्टरच्या पेटीच्या क्लिपा काढल्या आणि आतला फिल्टर बाहेर काढून माझ्यापुढे धरला. त्यातून मातीबरोबर वाळलेली टोमॅटोची पाने आणि कसलीशी पिसे पडली. शेवटचा कधी बदलला होता ते त्याला आठवेना. बाजारपेठेतून आम्ही सातशे रुपयांना कारखान्याचाच नवा फिल्टर आणला. येताना पंपावर चारही टायरांत हवा भरून घेतली. दोन टायर अगदीच बसले होते.